हरकत असेल त्यानं उभं राहावं

आमच्या पाळकांना झगा चढवायचं काम माझं. हे काम मला कुणी दिलेलं नाही. चर्चच्या भिंतीला लागून आमची लाँड्री, झगा आमच्याकडे धुवायला येतो, आणि मी इस्त्री केलेला कपडा अंगावर नीट बसलेला बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आधीचे पाळक स्वतःच चढवायचे आणि बटणं एक घर चुकवायचे. मंडळी प्रवचन सोडून त्यांच्या पोटाकडे बघत बसायची. हे नवे पाळक आले, तेव्हा पहिल्याच रविवारी मी मागच्या खोलीत शिरले आणि म्हटलं, हात वर करा. त्यांनी केले. तेव्हापासून ही रीत आहे.

बटणं लावून घेणारा माणूस पळून जाऊ शकत नाही. गळ्याचं बटण माझ्या बोटांत असलं की कितीही शिकलेला असो, ऐकून घेतो.

त्या रविवारी मात्र बोलायला सुरुवात त्यांनीच केली. वयानं माझ्या थोरल्याएवढे असतील, मिशी अजून मनावर घेत नव्हती. म्हणाले, "मावशी, मला इथल्या तरुणांसाठी क्रीडा सेवाकार्य सुरू करायचं आहे."

"म्हणजे काय करायचं?"

"मुलामुलींनी एकत्र खेळायचं. खेळाआधी प्रार्थना, खेळानंतर दोन चांगल्या गोष्टी. आपली असोत की वस्तीतली दुसरी कुणाची असोत, सगळ्यांना दार उघडं. खेळता खेळता माणूस घडतो."

"आणि चेंडू गल्लीतून बाहेर जातो," मी म्हटलं.

हे मी अगदी मनापासून म्हटलं. हॉटेलच्या पांढऱ्या चादरी आम्ही मागच्या दोऱ्यांवर वाळत घालतो. गल्लीतली पोरं फुटबॉल खेळतात, आणि दर आठवड्याला कुठल्या तरी चादरीवर चेंडूचा गोल शिक्का बसतो. ती चादर पुन्हा धुवायची. पोरांना ओरडावं, तर ती "सॉरी आजी" म्हणून इतकं गोड हसतात, की पुढची शिवी गिळावी लागते आणि मला अपचन होतं.

"जागा आहे," पाळक म्हणाले. "चर्चचं आवार रिकामं पडलंय. पण शिकवणारा माणूस नाही. आणि कमिटी काय म्हणेल, ते..."

कमिटी म्हणजे माझे दीर. बाकीचे माना हलवायला असतात. भावजी आपली गाडी चर्चच्या आवारात झाडाखाली लावतात. तिला ते असं कापड पांघरतात, जसं मी माझ्या पोरांना तापातही पांघरलं नाही. त्या आवारात फरशी घालून सगळ्यांच्या गाड्यांची सोय करायची, असं त्यांच्या मनात होतं. सगळ्यांच्या म्हणजे आधी त्यांच्या, मग त्यांच्या जावयाच्या.

"माणूस आहे माझ्याकडे," मी म्हटलं.

"कोण?"

"माझा धाकटा."

पाळकांचा चेहरा उजळला. धाकटा कंपनीच्या संघातून फुटबॉल खेळायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. मग चेहरा पडला. पुढचंही सगळ्यांना माहीत होतं.

गेल्या वर्षी सामन्यात त्याचा गुडघा गेला. डॉक्टरांनी जोडला, पण पूर्वीसारखा नाही. कंपनीनं फुलं पाठवली आणि त्याच्या जागी दुसरा घेतला. पोरगा दुकानाच्या वरच्या खोलीत जाऊन बसला, तो बसलाच. वर बसून कपड्यांच्या घड्या करायचा. घड्या इतक्या सुरेख, की बघून मला रडू यायचं. तिशीच्या आतल्या पोराला इतक्या सुरेख घड्या यायला नकोत. जेवणही वरच. चर्चचं तर नाव काढायचं नाही. एकदाच म्हणाला होता, "त्याला मी काय मागितलं होतं? एक पाय धड ठेव, एवढंच ना?" तो देवावर रुसला होता. आणि देवावर रुसलेल्या माणसाला आईनं कितीही वाढलं तरी पोटाला लागत नाही. त्याला त्या खोलीतून कसा काढायचा, हे एकच माझ्या डोक्यात वर्षभर भुणभुणत होतं.

"त्यांनी हो म्हटलं?" पाळकांनी विचारलं.

"मी त्याची आई आहे," मी म्हटलं. हे खरं होतं. "आणि कमिटीची काळजी करू नका. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये घोषणा वाचतात ना, तशी आपल्याकडे नवं काम सुरू करतानाही वाचायची पद्धत आहे. हरकत असेल त्यानं उभं राहून सांगायचं. तीन रविवार कुणी उठलं नाही, तर काम मंजूर. मग कमिटीही काही करू शकत नाही. आधीच्या पाळकांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"नाही."

"विसरले असतील. बटणांचंही तसंच होतं त्यांचं."

अशी पद्धत आमच्या चर्चमध्ये कधी नव्हती. पण असायला काय हरकत होती? लग्नासारख्या धोक्याच्या कामाला तीन रविवार देतात, तर फुटबॉलला का देऊ नयेत? शिवाय मला एक गोष्ट पक्की माहीत होती. भावजी कधी वेळेवर येत नाहीत. गाडी लावणार, पुसणार, कापड पांघरणार, आणि दुसरं गीत सुरू झालं की मधल्या वाटेनं सावकाश चालत पुढे येणार, म्हणजे सगळ्यांना बूट दिसतात. घोषणा पहिल्या गीतानंतर असतात.

पण पाळकांनी काय करावं? उपासनेच्या पुस्तकातली लग्नाची घोषणाच घेतली आणि फक्त नावं बदलली. पुस्तकातून शिकलेली माणसं, पुस्तकाबाहेर पाऊल टाकायला घाबरतात. खणखणीत आवाजात वाचलं, "लाँड्रीवाल्या कुटुंबातील धाकटे चिरंजीव, अविवाहित, आणि या वस्तीतील तरुण मुलंमुली, यांचा क्रीडा सेवाकार्यात एकत्र येण्याचा विचार आहे. यांनी एकत्र का येऊ नये, याचं रास्त कारण कुणास ठाऊक असेल, तर त्यानं उभं राहावं. ही पहिली वेळ."

शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्या शिक्षिकाबाई, ज्यांनी निम्म्या चर्चला पाढे शिकवले, त्यांनी शेजारणीला विचारलं, "मुलगी कुणाची म्हणाले?"

कुणी उठलं नाही. दुसरं गीत सुरू झालं आणि भावजींचे बूट आले.

संध्याकाळी गल्लीतली सगळी फौज दुकानाच्या दारात. पुढे एक लांब वेणीची पोरगी होती. तिला सगळे तोफ म्हणतात, कारण माझ्या चादरींवरचे निम्मे शिक्के तिचे. तिनं जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "दादा, सराव कधीपासून?"

वरून आवाज आला, "कसला सराव?"

"फुटबॉलचा. चर्चमध्ये वाचलं ना आज. तुमची घोषणा झाली."

जिना वाजला. एक पाय, मग दुसरा, मग कठड्याला धरलेला हात. कित्येक दिवसांत तो स्वतःहून खाली आला नव्हता. आमचे हे इस्त्री करत होते. त्यांनी इस्त्री उभी केली आणि बघत राहिले. हे फारसं बोलत नाहीत. बोलायचं खातं लग्नाच्या दिवशीच माझ्याकडे दिलंय.

"आई, काय केलंस तू?"

"टेबलक्लॉथ. सगळे. स्टार्चसकट."

"आई."

"पाळकांना माणूस हवा होता. मी म्हटलं, आमच्याकडे एक घड्या करत बसलाय."

"मी आत्ता जाऊन त्यांना सांगतो, मला जमणार नाही."

"तसं खासगीत सांगून चालत नाही," मी म्हटलं. "मंडळीसमोर वाचलंय. हरकत असेल तर मंडळीसमोरच घ्यायची. रविवारी, चर्चमध्ये, उभं राहून."

त्यानं बापाकडे बघितलं. ह्यांनी इस्त्री उचलली आणि आधीच सपाट असलेली कॉलर पुन्हा सपाट केली. तोफ म्हणाली, "दादा, हरकत घेऊ नका ना. आम्हाला पास द्यायला कुणी शिकवलेलंच नाही. आम्ही सगळे एकाच वेळी चेंडूमागे धावतो."

"ते दिसतं मला खिडकीतून," तो म्हणाला. "डोकं दुखतं बघून."

म्हणजे बघत होता. हे मला नवीन होतं. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि टेबलक्लॉथ मोजायला घेतले.

दुसऱ्या रविवारी घोषणा झाली तेव्हा मी बाजूच्या खिडकीतून फाटकाकडे डोळे लावून होते. धाकटा आला. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला. फाटकाला हात लावून उभा राहिला. आत पाळक म्हणाले, "ही दुसरी वेळ." तो तसाच उभा. मग वळला आणि घरी गेला. त्या दिवशी मी कुठलं गीत म्हटलं, मला आठवत नाही. शिक्षिकाबाई मात्र शेजारणीला म्हणाल्या, "मुलगी शहरातली असेल, म्हणून नाव सांगत नाहीत."

आता एकच रविवार उरला होता. तो फाटकापर्यंत येतो आणि परत जातो, म्हणजे त्याला आत ओढणारं काहीतरी आत हवं होतं. माझा धाकटा आईचं ऐकत नाही, बापाचं तर ऐकायला बाप बोलतच नाही. पण लहानपणापासून एका गोष्टीला तो हमखास पेटतो. काकांनी म्हणावं, तुला जमणार नाही. झाडावर चढणं, पोहणं, फुटबॉल, सगळं तो काकांच्या "तुला जमणार नाही"वर शिकलाय. मी लावलेल्या शिकवण्या सगळ्या पाण्यात गेल्या.

म्हणून शनिवारी मी जाऊबाईकडे तिच्या पडद्यांचं गाठोडं पोचवायला गेले.

"अगं, भावजींना सांग, गाडीला दुसरी जागा बघायला," मी पडदे मोजता मोजता म्हटलं. "उद्यापासून आवारात फुटबॉल."

"कोण म्हणालं?"

"चर्चमध्ये वाचतायत ना. उद्या शेवटची वेळ. भावजींना ऐकू आलं नाही का? हां, तुम्ही दोघं तेव्हा बाहेर असता."

"ताई, हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"मी कुठे काय सांगितलं? मी पडदे द्यायला आले होते."

जाऊबाईला एखादी गोष्ट सांगितली की ती नवऱ्याला सांगायची राहिली, असं आजवर झालेलं नाही. परतताना गल्लीच्या तोंडाशी पोचले नव्हते, तोवर त्यांच्या घरातून भावजींचा आवाज माझ्या मागोमाग आला. मनात म्हटलं, छान. पीठ मळून ठेवलं.

रविवारी सकाळी मी झगा घेऊन गेले, तर पाळक हात वर करेनात.

"मावशी, मी आधीच्या पाळकांना फोन केला होता. अशी काही पद्धत नाही, म्हणाले ते."

मी त्यांचा हात धरून बाहीत घातला. "आता पडली म्हणायची. दोन वेळा वाचलंत ना?"

"पण तुम्ही मला खोटं सांगितलंत."

"बरं, मग थांबवा. तिसऱ्या वेळी नाही वाचलं, तर लोक म्हणतील मुलीकडच्यांनी नकार दिला. त्या पोरांचं काय होईल, तुम्ही बघा. आणि माझ्या पोराचंही." शेवटचं वाक्य मला म्हणायचं नव्हतं. ते आपलंआपण निसटलं, आणि त्याचा आवाज माझ्यासारखा नव्हता.

पाळकांनी माझ्याकडे बघितलं. मी बटणाकडे बघितलं. मग त्यांनी हनुवटी वर केली, गळ्याचं बटण लावता यावं म्हणून.

बाहेर आले, तर पहिल्या बाकावर भावजी. पहिल्या गीताच्याही आधी. मंडळीतल्या काहींनी घड्याळं तपासली.

पाळकांनी वाचलं. सगळं वाचलं, "ही तिसरी आणि शेवटची वेळ"पर्यंत. भावजी उभे राहिले, कोट ओढून सरळ केला.

"माझी हरकत आहे."

"कारण?" पाळक म्हणाले.

"जागा कमिटीची आहे."

"जागा मंडळीची आहे," मी बसल्याजागी म्हटलं. "कमिटीला झाडून ठेवायला दिलीय. ती पण झाडत नाही."

"वहिनी, तुम्ही मध्ये बोलू नका."

"बरं. मी कडेनं बोलते."

मागे कुणी तरी खोकल्यासारखं हसलं. भावजींचे कान लाल झाले. "मूळ मुद्दा असा, की हे सेवाकार्य चालवणार कोण? जो वर्षभर चर्चची पायरी चढला नाही, तो? कुठे आहे तो? आज तरी आहे का इथे?"

"आहे," मागून आवाज आला. "आणि मलाही हरकत आहे."

सगळं चर्च वळलं. धाकटा दारात उभा होता, एक हात चौकटीवर. त्याच्यामागे तोफ आणि बाकीची फौज, एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावत.

पाळकांनी पुस्तकाचं पान उलटलं. पुढे काही सापडलं नाही, म्हणून परत उलटलं. एका वेळी दोन हरकती येतील, हे पुस्तक लिहिणाऱ्यांच्या मनात आलं नसावं. "तुमचं कारण?"

"मला कुणी विचारलंच नाही."

शिक्षिकाबाई सुस्कारल्या. "माझंही असंच झालं होतं," त्या म्हणाल्या.

आता मात्र हसू खोकल्यात मावेना. भावजींना वाटलं, सगळे त्यांच्या बाजूनं हसतायत. त्यांना जोर चढला. "बघा, नवरदेवच नको म्हणतोय. निदान त्याला स्वतःची कुवत कळते, हे बरं. लंगड्याला मैदान काय करायचंय?"

हसू थांबलं.

तो शब्द मी मळलेल्या पिठात नव्हता. "तुला जमणार नाही" एवढंच मला हवं होतं. मी उठायला लागले. काय बोलणार होते ते सांगत नाही, चर्चमध्ये होते म्हणून. ह्यांनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. आणि मग स्वतःच उभे राहिले. माझ्या नवऱ्यानं चर्चमध्ये गीताशिवाय तोंड उघडलेलं कुणी बघितलं नव्हतं. ते म्हणाले, "शब्द मागे घे." धाकट्या भावाला, एवढंच. आणि बसले.

मधल्या वाटेनं पावलं वाजत होती. एक जोरात, एक हळू. धाकटा पुढे येत होता, सावकाश, काकांच्या बुटांपेक्षाही सावकाश. तो पहिल्या बाकापाशी येऊन थांबला.

"काका, मी माझी हरकत मागे घेतो," तो म्हणाला. "तुमची काय आहे ती सांगा. गुडघ्याची आहे? तर मला धावायचं नाहीये. मला ह्यांना पास द्यायला शिकवायचंय. ते उभ्यानं होतं."

"गुडघ्याचं... ते मी रागात बोललो," भावजी म्हणाले. "ते सोड. ते मी मागे घेतलं. पण माझी गाडी कुठे लावायची?"

पाळकांनी पुस्तकाकडे बघितलं, मग भावजींकडे. मिशी त्या दिवशी पहिल्यांदा मिशीसारखी दिसली. "पुस्तकात गाडीचा उल्लेख नाही," ते म्हणाले. "दुसरं रास्त कारण नसेल, तर हे क्रीडा सेवाकार्य मंडळीनं स्वीकारलं असं मी समजतो."

मागून पोरं ओरडली. तिथं ओरडायचं नसतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्या दिवशी कुणी शिकवलंही नाही.

घरी येताना धाकटा माझ्याबरोबर चालला. फाटक ओलांडल्यावर म्हणाला, "काकूला तू सांगितलंस ना?"

"मी पडदे द्यायला गेले होते."

"आई, खेळाआधी प्रार्थना करायची म्हणतात पाळक. मी वर्षभर त्याच्याशी बोललो नाही. आता काय बोलू?"

"भांडणापासून सुरू कर," मी म्हटलं. "तुझ्या वडिलांशी मी तसंच सुरू करते. निदान समोरचा ऐकतोय, एवढं तरी कळतं."

तो हसला नाही. पण त्या दुपारी खाली जेवला. दुसऱ्यांदा भात घेतला.

पुढच्या शनिवारी आवारात चुन्याच्या रेषा पडल्या. भावजींनी गाडी हलवली नाही. हरकत फेटाळली, तरी गाडी फेटाळली नाही, असं त्यांचं म्हणणं. धाकट्यानं वाद घातला नाही. त्यानं रेषा गाडीला वळसा घालून मारली आणि पोरांना सांगितलं, "हा आपला बचावपटू. हलत नाही, पण जागा सोडत नाही. ह्याच्याकडून शिका." भावजी दोन्ही हात पसरून गाडीपुढे उभे. मंडळी बघायला जमली होती. शिक्षिकाबाई नवी साडी नेसून आल्या होत्या. त्यांना कुणीही काही समजावलं नाही.

मी दुकानातली खुर्ची आणून पुढे बसले. पाळक म्हणाले, "दादा, प्रार्थना तुम्ही करा."

पोरांनी माना खाली घातल्या. धाकट्यानं घातली नाही. वर बघितलं, झाडाच्या वर.

"मी तुझ्याशी अजून पूर्ण बोलत नाहीये," तो म्हणाला. "पण ह्या पोरांचं तुझ्याशी काही भांडण नाही. ह्यांच्यातल्या कुणाचा गुडघा जाऊ देऊ नकोस. काकांच्या गाडीचं तू बघ, मला वेळ होणार नाही. आमेन."

सगळ्यात मोठा आमेन भावजींचा होता.

शिट्टी वाजली. सगळी पोरं एकाच वेळी चेंडूमागे धावली, आणि धाकटा त्यांच्यामागे ओरडत सुटला, जागा धरा, जागा धरा, अगं तोफ, तू कुठे चाललीस, तुझी बाजू ती. लंगडत, पण ओरडत. घरात वर्षभर ऐकला नव्हता असा आवाज. मग तो माझ्यासमोर येऊन थांबला, दम लागलेला, कपाळावर चुना.

"आई, खुर्ची मागे घे. रेषेच्या आत आहेस."

"मी कडेलाच आहे."

"आई, मैदानावर माझं चालतं. मागे."

मी आजवर कुणाच्या सांगण्यावरून खुर्ची हलवलेली नाही. सासूच्याही नाही. उठले आणि घेतली मागे. एक वीतभर.